त्रेचाळीस सेंटिमीटर

पोस्टमास्तरांचे सात भरले तेव्हाच मी आमचा पुढचा हिशेब मांडायला लागले होते.

सात म्हणजे अर्ध्या मिनिटात सात वेळा. खुर्चीत बसायचं, दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि शिट्टी वाजली की हातांचा आधार न घेता उभं राहायचं, बसायचं, पुन्हा उभं राहायचं. तीस सेकंद झाले की दुसरी शिट्टी. तेवढ्यात जितक्या वेळा पुरते उभे राहिलात, तो तुमचा आकडा. आमच्या वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर सहा महिन्यांनी हा प्रकार होतो. आकडा आठाच्या खाली गेला की वरच्या मजल्यावरची खोली सोडायची आणि मागच्या इमारतीत जायचं. तिथं पलंगांना कठडे आहेत आणि दारांना आतून कडी नाही.

पोस्टमास्तर आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. रोज सकाळी कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून सराव करायचे आणि मोठ्यानं मोजायचे. सहानंतर एकदम आठ म्हणायचे. मी टोकलं की म्हणायचे, "इन्स्पेक्टरबाई, तुम्ही रिटायर झालात आता." मोजणीच्या दिवशी मात्र मोजणारं तोंड दुसऱ्याचं होतं. दोन दिवसांत त्यांचं सामान दोन पेट्यांत भरून मागं गेलं. महिन्याभरानं मी भेटायला गेले तर त्यांनी मला ओळखलं, पण बोलले काही नाहीत. आणखी दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा पेट्या न्यायला आला.

मी एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तळाला ठोकून आत घेतलेली दुधाची मापं मी पाहिली, आतून पोखरून मेण भरलेली वजनं पाहिली, दोन्ही टोकांना घासलेल्या कापडाच्या पट्ट्या पाहिल्या. एकानं तागडीच्या खाली लोहचुंबक चिकटवलं होतं, ते मी नुसत्या बोटानं शोधलं आणि दुकानाला सील ठोकलं. बाजारात मला कुणी चहा विचारायला धजत नसे. माझं लग्न झालं नाही त्याचंही कारण हेच, असं धाकटी म्हणते. "तू मुलाची उंची टेपनं मोजली असतीस, ताई." मोजली असती. त्यात काय चुकलं?

धाकटी म्हणजे माझी बहीण. मी पंच्याऐंशीची, ती एकोणऐंशीची. आयुष्यभर टायपिस्ट होती. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघी इथं आलो. एक खोली, एक खिडकी, दोन पलंग. तिला एकटीला झोप लागत नाही, लहानपणापासूनच. मी पलंग मोजून लावलेत. पडल्यापडल्या हात लांब केला की तिच्या उशीला लागतो. माझा हात लागला की ती झोपते. बाकी ती भांडखोर आहे, चिवट आहे, माझ्या वस्तू न विचारता वापरते. पण तिला मागच्या इमारतीत एकटी टाकली तर ती पोस्टमास्तरांइतकेही दिवस काढणार नाही, हे मला माहीत होतं. आणि मी कशी राहीन हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

पोस्टमास्तर मागं गेले त्या मोजणीत माझे दहा झाले. माझं काय, मी वाळकी काठी. उचलायला जोर लागतो कुठं? धाकटीचे आठ झाले, तेही आठवं अर्धं होतं. मोजणीवालीनं ते पुरतं धरलं.

मोजणीवाली पोरगी वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. तिशीची असेल. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि कुणाच्याही दुखऱ्या गुडघ्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यायची तयारी. खुर्चीशिवाय बाकीही मोजायची ती. मुठीत जोर किती, पाठीमागं दोन्ही हातांची बोटं किती जवळ येतात, आठ फुटांवरच्या शंकूला वळसा घालून परत बसायला किती सेकंद लागतात. शेवटी एक कागद भरायचा. त्यावर मथळा होता, 'ज्येष्ठांची शारीरिक साक्षरता'. शाळा सोडून सत्तर वर्षं झाल्यावर उठण्या-बसण्यात आपण साक्षर आहोत की नाही ते आता कळणार होतं. 'मला माझ्या शरीरावर भरवसा वाटतो,' एक ते दहात लिहा. मी लिहिलं, 'प्रश्न मोघम आहे.' धाकटीनं तीन लिहिले, मग माझ्याकडे बघून चार केले.

आकड्याप्रमाणे कार्ड मिळायचं. आठ-नऊवाल्यांना पिवळं: वर राहा, पण आंघोळीला मावशी सोबत हवी आणि फाटकाबाहेर एकट्यानं जायचं नाही. दहा आणि त्यापुढं हिरवं: मग कुणी काही विचारत नाही. धाकटीचं कार्ड पिवळं होतं. मावशी तिला आंघोळ घालायची. मावशी प्रेमळ होती, पण धाकटी आंघोळीहून आली की अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा म्हणाली, "ताई, माझं अंग आता सार्वजनिक झालंय." मी म्हटलं, नाटकं करू नकोस. असंच बोलते मी.

त्या हिवाळ्यात तिचे पाय आणखी गेले. जेवणाच्या टेबलावरून उठताना ती आधी टेबलाला, मग माझ्या खांद्याला धरायची. मोजणीला तीन आठवडे उरले तेव्हा मी तिला हॉलमध्ये नेलं. कोपऱ्यात पडद्यामागं ती खुर्ची असते. पाठीवर कागद चिकटवलाय, 'मोजणीची खुर्ची. बसू नये.' मी घड्याळ धरलं. सहा झाले. आठ दिवसांनी पुन्हा नेलं. पुन्हा सहाच, आणि सहाव्यानंतर तिचे पाय थरथरायला लागले ते थांबेनात.

"होतील गं आठ," ती म्हणाली. "त्या दिवशी जोर येतो."

मी माझी जुनी स्टीलची टेप काढून खुर्ची मोजली. बसायची जागा जमिनीपासून त्रेचाळीस सेंटिमीटर. अगदी नियमाप्रमाणे. आमच्या खात्यात आधी माप मापायचं, मग माल. ही पोरगी इतकं सगळं मोजायची, पण खुर्ची कधी मोजताना मी तिला पाहिलं नव्हतं. ते पाहिलं नव्हतं हे मला आठवलं, आणि तिथंच माझ्या मनात पाप आलं. मी दुसरा शब्द वापरणार नाही.

आश्रमाचे दुरुस्तीवाले काका मोडक्या वॉकरचे रबरी बूट एका डब्यात जमवून ठेवतात. त्यातले चार मी मागून घेतले. झाडूच्या दांड्याचे तीन-तीन सेंटिमीटरचे चार तुकडे कापून द्यायला सांगितले. म्हटलं, आमचं टेबल डुगडुगतं. त्यांनी कापून दिले. त्यातला एक तुकडा अर्धा मिलिमीटर कमी होता, तो मी परत केला.

"टेबलाला काय कळतंय, इन्स्पेक्टरबाई," ते हसून म्हणाले.

"मला कळतं ना," मी म्हटलं. फसवायचं होतं, तरी चारही पाय सारखे हवे होते मला. इतकी हाडात मुरलेली सवय.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी हॉलमध्ये गेले. खुर्चीच्या पायांची काळी प्लास्टिकची बटणं काढली, बुटांत लाकडाचे तुकडे घातले आणि बूट पायांवर ठोकून बसवले. लाकूड तीन, रबराचा तळ एक. सत्तेचाळीस. एकतीस वर्षांत मी ज्यांना पकडलं ते सगळे हात असेच चालले असणार, सावकाश, आवाज न करता. मी खुर्ची जागेवर ठेवली आणि वर येऊन धाकटीच्या शेजारी बसले. तिनं विचारलं, कुठं गेली होतीस. मी म्हटलं, पाय मोकळे करायला.

मला आठ हवे होते. फार तर नऊ. एवढं लक्षात ठेवा.

मोजणीच्या दिवशी पोरगी खुर्ची ओढून मध्ये घेऊन आली, पायांकडे तिचं लक्ष गेलं आणि ती खूश झाली. "अरे वा, कुणीतरी रबर बसवलं वाटतं. सरकत होती मेली." संपलं. एवढ्यावर तपासणी झाली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला तिचा रागच आला.

धाकटीचा नंबर आला. तिनं हात छातीवर घेतले. शिट्टी झाली. पहिल्या उठण्यालाच तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलेलं मी पाहिलं. मग ती सुटलीच. चार, पाच, सहा. लोक भिंतीला टेकून उभे होते ते मोजायला लागले. सात, आठ. मी मनात म्हटलं, बास झालं, थांब आता. पण ती कसली थांबते. नऊ, दहा, आणि शिट्टीच्या बरोबर अकरा. टाळ्या पडल्या. धाकटी उभी राहून माझ्याकडे बघत होती, केस कपाळावर आलेले, गाल लाल. तिला अशी मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

"ताई, मोजलेस ना तू?"

"मोजले," मी म्हटलं. "अकरा."

माझे तेरा झाले. मी मान खाली घालून उठले. त्या दिवशी हॉलमध्ये एकतीस जणांची मोजणी झाली आणि मागच्या इमारतीत कुणालाच जावं लागलं नाही.

कागदावर 'माझ्या शरीरावर भरवसा वाटतो' यापुढं धाकटीनं नऊ लिहिले. पेन दाबून, दोनदा गिरवून.

दुसऱ्या दिवशी हिरवं कार्ड आलं. तिनं ते आरशाच्या चौकटीत खोचलं. मग टॉवेल घेतला, बाथरूममध्ये गेली आणि दार लावून आतून कडी घातली. मावशी बाहेर उभी होती तिला आतून म्हणाली, "मावशी, तुम्ही चहा घ्या जा." शॉवर सुरू झाला. थोड्या वेळानं आतून गुणगुणणं ऐकू आलं. मी बाहेर टॉवेलांच्या घड्या घालत उभी होते. दोनच टॉवेल होते. मी त्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या आणि पुन्हा घातल्या.

ती बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "काही दिवस मावशीला असू दे सोबत."

"का?"

"असंच. पाय घसरतो माणसाचा."

"अकरा आलेत माझे. तुझ्यासमोर आलेत." ती केस पुसत होती. "तुला ना, ताई, कुणाचं बरं झालेलं बघवत नाही. सगळीकडे खोट शोधायची सवय."

खरं सांगितलं असतं तर तिचं कार्ड गेलं असतं, खोली गेली असती. आणि तिचा तो चेहरा गेला असता, हे खरं कारण. रोज सकाळी ती आत गेली की मी बाहेर उभी राहायचे. पाण्याचा आवाज, साबण ठेवल्याचा आवाज, स्टूल सरकल्याचा आवाज. कान इतके तयार झाले होते की कुठला आवाज कशाचा हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. कडी निघाली की जिवात जीव यायचा. असे सात आठवडे काढले.

आणि ती सुधारली नव्हती असंही नाही. भरवशावर माणूस काय काय करतं. ती फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणायला लागली. जेवताना लोकांना सल्ले द्यायला लागली, उठताना आधी पुढं झुका, श्वास सोडा. टेबलावरून उठताना मात्र तिचा हात अजून माझ्याच खांद्यावर यायचा. ते तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

त्या सकाळी मोजणीवालीनं मला खाली बोलावलं. आमच्या आश्रमाचे आकडे वाढले होते आणि संस्थेच्या मुख्य ऑफिसातून कौतुकाचं पत्र आलं होतं. सहा महिन्यांत सरासरी इतकी वाढलेली दुसरीकडे कुठंच नव्हती. ती रोज सकाळी वीस मिनिटं सगळ्यांचा व्यायाम घ्यायची, त्याचं हे फळ, असं पत्रात लिहिलं होतं. तिला उत्तराच्या पत्राबरोबर धाकटीचा फोटो पाठवायचा होता. "तुम्ही सांगितलंत तर त्या हो म्हणतील," ती म्हणाली. तिनं आलेलं पत्र मला वाचून दाखवलं. मधली एक ओळ तिनं दोनदा वाचली. मी उभ्याउभ्या ऐकत होते आणि माझं लक्ष वरच्या मजल्याकडे होतं. पण मध्येच निघून जायला कारण काय सांगणार?

वर आले तेव्हा शॉवर चालू होता. नुसता शॉवरच ऐकू येत होता.

दुरुस्तीवाल्या काकांनी कडी तोडली. धाकटी फरशीवर आडवी होती आणि पाणी तिच्या अंगावर पडत होतं. डावा पाय भलत्याच बाजूला वळलेला. स्टूल उलटून कोपऱ्यात गेलं होतं. मी पाणी बंद केलं आणि तिच्या अंगावर टॉवेल टाकला. ती शुद्धीवर होती. थंडीनं दात वाजत होते तरी तिला मला काहीतरी सांगायचं होतं.

"पाच झाले होते, ताई. स्टुलावर. सराव करत होते. म्हटलं, पुढच्या वेळी बारा करून दाखवावे."

ते स्टूल पस्तीस सेंटिमीटरचं आहे. नंतर मी मोजलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखान्यात काढले, आणि परत आणली ती सरळ मागच्या इमारतीत. जमिनीलगतची खोली, सहा पलंग, तिचा खिडकीपासून लांबचा. डॉक्टरांना मी विचारलं, चालेल का. त्यांनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, वय झालंय, रात्री झोप नाही, अन्न जात नाही, बघू. महिन्यांचं बोलणं त्यांनी टाळलं. मीही विचारलं नाही. आकडा विचारायची मला भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

मी ऑफिसात गेले आणि म्हटलं, मलाही मागं हलवा, तिच्या शेजारी. ऑफिसातल्या बाईंनी माझं कार्ड काढलं. "तुमचे तेरा आहेत, आजी. हिरवं कार्ड आहे तुमचं. मागं पलंग कमी आणि माणसं जास्त, धडधाकट माणसाला कसा देऊ?" मी म्हटलं, मी धडधाकट नाही. त्या हसल्या. "आम्ही कुणाच्या म्हणण्यावर जात नाही. आकड्यावर जातो." हे वाक्य मी स्वतः हजारदा दुकानदारांना ऐकवलं होतं. पुढची मोजणी तीन महिन्यांवर होती.

तेव्हा मात्र मी मोजणीवालीकडे गेले. हॉलमध्ये ती खुर्च्या लावत होती. मी टेप काढली, मोजणीच्या खुर्चीशी गुडघे टेकले आणि तिला म्हटलं, बघ. सत्तेचाळीस. मग एक बूट उपटून काढला आणि लाकडाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कशासाठी. कबुलीजबाब कसा द्यायचा असतो ते मला माहीत आहे, मी शेकडो लिहून घेतले आहेत.

तिनं तो तुकडा खुर्चीच्या पायाशी धरून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या व्यायामानं काही झालंच नाही?"

मी खुर्चीच्या पाठीला धरून उठले.

"कुणाचंच?"

"थोडं झालं असेल," मी म्हटलं. "आता कळायला मार्ग नाही."

ती त्याच खुर्चीत बसली. मी वाट बघत होते. ती ओरडेल, वर कळवेल, माझ्यावर कारवाई होईल. मला ते हवं होतं. सहा पलंगांच्या त्या खोलीत शिक्षा म्हणून का होईना मला टाकतील, असंही एक वेडं गणित माझ्या डोक्यात होतं.

"पुन्हा मोजलं तर किती जण मागं जातील?" तिनं विचारलं.

मी ते आधीच काढलं होतं. "आठ. कदाचित नऊ."

"त्यांना काय सांगू? तुमची खुर्ची उंच होती, चला, सामान भरा?" तिचे डोळे भरले होते. "आणि माझं उत्तर गेलंय, इन्स्पेक्टरबाई. बाकीच्या आश्रमांना पण सांगितलंय वरून, आमच्यासारखं करा म्हणून. रबराचं सुद्धा लिहिलंय मी त्यात. सुरक्षिततेसाठी खुर्चीच्या पायांना जाड रबर लावावं."

"मग खुर्ची पूर्ववत कर आणि पुढच्या वेळेपासून तरी..."

"पुढच्या वेळी सगळ्यांचे आकडे पडतील. मला विचारतील." तिनं माझ्या हातातला बूट घेतला, तुकडा आत बसवला आणि खुर्चीच्या पायावर दाबून दाबून चढवला. "राहू दे. आता हीच खुर्ची. तुम्ही कुणाला सांगू नका."

मी खोट्या वजनांच्या थप्प्या हातोड्यानं फोडल्या आहेत. आणि आता मी केलेलं खोटं माप माझ्यासमोर प्रमाण ठरत होतं. भांडायला तोंड नव्हतं. तिनं ते आठ म्हाताऱ्यांसाठीही केलं होतं, आणि मी एकीसाठी केलं होतं. मी टेप गुंडाळून वर आले.

खोलीत आता धाकटीच्या पलंगावर दुसरी बाई येणार आहे. चादर बदलून ठेवली आहे. आरशात खोचलेलं कार्ड मी काढलं नाही.

मी रोज दोनदा मागं जाते. कालही गेले. धाकटी उशांच्या आधारानं बसली होती, तोंड एवढंसं झालेलं. तिथली मावशी तिच्या पायांना व्यायाम द्यायला बघत होती आणि धाकटी पाय हलवू देत नव्हती.

"पलंगावरचा व्यायाम मला कशाला? मला त्या खुर्चीवर बसवा. एकदा बसवा फक्त. मी उठून दाखवते, मग मला वर पाठवा."

"आजी, आधी थोडा पाय तर उचला," मावशी म्हणाली. "किती उठता ते मग बघू."

"बघायचं काय आहे त्यात? झालंय बघून. अकरा आहेत माझे." तिनं माझ्याकडे हात केला. "हिला विचारा. ही समोर होती. वजनमापात इन्स्पेक्टर होती ही, सख्ख्या बापाच्या दुकानाचा तराजूसुद्धा सोडला नाही हिनं. खोटं माप आयुष्यात कधी चालवून घेतलं नाही. सांग गं, ताई."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही शंका नव्हती. नुसती चौकशी होती. बाकीच्या पाच पलंगांवरून कुणीतरी खोकलं. धाकटीचा हात तसाच माझ्या दिशेनं लांब होता आणि मी तो धरला नव्हता अजून.

खरं सांगायला ही शेवटची जागा होती. सांगितलं असतं तर तिनं निदान पाय हलवू दिला असता. पण मग तिच्याजवळ काय उरलं असतं?

"अकरा," मी म्हटलं.

"ऐकलंत?" धाकटी मावशीला म्हणाली. तिनं दोन्ही पाय हातांनी उचलून पलंगाच्या कडेला आणले. मावशी पुढं आली तर तिला हातानंच थांबवलं. मग हात छातीवर आडवे घेतले आणि पुढं झुकून श्वास सोडला, जसं जेवताना सगळ्यांना शिकवायची तसं.

"ताई, घड्याळ लाव. मोज."

मी घड्याळाकडे बघितलं. तिचे खांदे थरथरत होते, मान पुढं आली होती आणि जोर लावून लावून कपाळावर घाम आला होता. तीस सेकंद झाले, मग चाळीस झाले. मोजायला काहीच नव्हतं.

"किती झाले?" तिनं विचारलं.